मिनिटाला एक लिटर

पहाटे ५.४०
देवबागच्या पट्टीवर अजून काळोख आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी, मधे माड, घरं आणि एकच रस्ता. खाडीच्या अंगाला एका पडवीबाहेर वीस-वीस लिटरचे तीन कॅन ठेवलेत. पेट्रोल काल संध्याकाळी मालवणहून आणलंय. लिटरला १०५ च्या आसपास, म्हणजे तीन कॅनचे ६,३००. बोट असते तिथे पंप नाही. सगळं हाताने वाहायचं.

वाहणारा पोरगा बावीस वर्षांचा. दोन हातांत दोन कॅन घेतो. पेट्रोल पाण्याहून हलकं असतं, तरी एकेक कॅन पंधरा किलोचा भरतो. वाळूतून बोटीपर्यंत जायचं, कॅन ठेवायचे, तिसऱ्यासाठी परत यायचं. बोटीवर मदतनीस म्हणून त्याला दिवसाला ६०० रुपये मिळतात. बोट चालवतो त्याचा मामा. त्याचे १,२०० पडतात. पोरग्याला चालवायला शिकायचंय. वडलांची मासेमारीची होडी दोन वर्षं माडाखाली उपडी आहे. तिच्यावर झापं टाकलीत.

सकाळी ६.१५
बोट वाळूवर बसलेली आहे. सुकतीला ती अशीच बसते. तासाभरात भरतीचं पाणी येऊन तिला उचलेल. तपासणीची वेळ हीच, कारण आत्ता पंखा उघडा दिसतो.

वीस फुटी फायबरची बोट. मागे १५० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, एकट्याचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. रिकामी असेल आणि पाणी सपाट असेल तर ही बोट ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जाते. पर्यटकांना पॅराशूटखाली उडवायला आणि रबरी केळ्यावर बसवून ओढायला ती घेतली. पाच घरांनी मिळून घेतली. हप्ते चालू आहेत.

मामा बॅटरी धरून उभा राहतो. बोलत नाही. पोरगा मागून सुरुवात करतो. तळाचं बूच चाचपतो, पिळून बघतो. मग पंख्याच्या पात्यांच्या कडांवरून बोट फिरवतो. तीन पाती. एका पात्याच्या कडेला खरवड लागते. वाळूत घासलंय. नखाने मोजतो. "चलात," मामा म्हणतो. पात्याचा तुकडा उडाला असता तर चाललं नसतं. वजन सारखं राहत नाही, इंजिन थरथरतं आणि आतले दात झिजतात.

पोरगा वाकून पंख्याच्या मागे बघतो आणि तिथेच थांबतो. दांड्याला तंगूस गुंडाळलाय. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा, पारदर्शक, बॅटरीच्या उजेडात केसाएवढा चमकणारा. पक्कड येते. पिन सरळ करून ओढायची, नट सोडवायचा, पंखा दोन्ही हातांनी हलवत हलवत बाहेर घ्यायचा. तंगूस आत घट्ट बसलाय. पोरगा सुरीच्या टोकाने एकेक वेढा कापतो. वीस मिनिटं जातात. हाच तंगूस आतल्या रबरी सीलमध्ये घुसला की सील कापतो, गियरच्या तेलात पाणी शिरतं, तेल दुधट होतं. सील शे-दोनशेचं. पण मेकॅनिक कुडाळहून येणार आणि ऐन हंगामात बोट दोन दिवस उभी राहणार. पोरगा दांड्याला ग्रीस लावतो, पंखा बसवतो, नट आवळतो. जुनी पिन उचलून परत घालायला जातो. मामा ती त्याच्या हातातून काढून घेतो आणि खिशातली नवी देतो. वाकवलेली पिन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. पिन गेली की नट जातो, नट गेला की पंखा खाडीच्या तळाला.

त्यानंतर पेट्रोल. कॅन उघडायच्या आधी मोबाइल दोघांचेही लांब, वाळूवर. फनेलला जाळी आणि वर कापड. टाकी भरून झाली की पोरगा तळाचं झाकण उघडतो, खाली डोकं घालून वास घेतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळात साचून राहते. बटण दाबल्यावर एक ठिणगी तिला पुरते. वास नाही. थोडा वेळ झाकण उघडंच ठेवतात. नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायचं, तो दगडासारखा झाला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं.

सकाळी ७.०५
सूर्य खाडीपलीकडच्या झाडांवर आलाय. पाण्याने बोट उचलली. दोघांनी ढकलून ती कमरेइतक्या पाण्यात आणली, इंजिन खाली सोडलं.

पोरग्याने लाइफ जॅकेट घातलं. तिन्ही बकलं लावली. मामाने जॅकेटच्या खांद्याला धरून त्याला वर उचलल्यासारखं केलं. जॅकेट कानापर्यंत आलं. "पट्टे आवळ." पोरग्याने आवळले.

मग लाल दोरी. टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी वेटोळ्यांची. एक टोक गियरच्या दांड्याशेजारच्या बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला.

"मामानू, दोरी लायलंय."

"खंय लायलंस?"

"हाताक."

मामा काही न बोलता ती मनगटावरून काढतो आणि जॅकेटच्या कडीत अडकवतो. ओलं मनगट निसटतं. बोटीतून माणूस फेकला गेला तर दोरी बटणातून सुटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर इंजिन चालूच राहतं. चाक धरायला कुणी नसतं, ते एका बाजूला कलतं आणि बोट गोल फिरू लागते. फिरत फिरत ती पाण्यात पडलेल्या माणसावरच परत येते, पुन्हा पुन्हा येते. ज्यांनी हे पाहिलंय ते त्याबद्दल फार बोलत नाहीत. मामाने पाहिलंय.

दोरी आहे एवढ्यावर भागत नाही. इंजिन चालू करून ती मुद्दाम ओढायची. इंजिन मेलं पाहिजे. मेलं. पुन्हा चालू. "पाणी पडता काय बघ." इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक पिचकारी सुरू होते. इंजिन खाडीचंच पाणी ओढून थंड राहतं. पिचकारी थांबली, तर कुठेतरी प्लास्टिकची पिशवी चिकटलीय किंवा वाळूने आतला रबरी पंप खाल्लाय. मग लगेच बंद करायचं. दोन मिनिटं दुर्लक्ष केलं तर इंजिन भाजतं.

पिचकारी जोरात आहे. पोरगा मागे वळून बघतो, मग पुढे, मग गियर टाकतो.

सकाळी ७.२०
शिकवणीसाठी वहीत रोज दहा लिटर लिहिलेले असतात. पाच घरांनी ठरवलंय. अर्धे पैसे घरांचे, अर्धे पोरग्याच्या मजुरीतून महिन्याच्या शेवटी. फुल थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला जवळजवळ एक लिटर पितं. नुसत्या गियरवर, सावकाश, तासाला दोन-तीन लिटर. त्यामुळे हळू चालवणं स्वस्त पडतं, आणि मामाच्या मते शिकायचंही तेच जास्त असतं.

शिकवणी भरतीतच घ्यायची, हाही मामाचा नियम. भरतीत बोट वाळूवर चढली तर पाच-दहा मिनिटांत पाणीच तिला उचलतं. सुकतीत चढली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसायचं. खाडीत वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. मागच्या वर्षीची वाट यंदा खरी नसते.

धक्क्याला लावायचा सराव सुरू होतो. धक्का म्हणजे चार खांब आणि फळ्या. प्रवाह खाडीत वर जातोय, उत्तरेकडे. पोरगा वरून वळून येतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दक्षिणेकडे, प्रवाहाच्या तोंडावर. असं आलं की पाणीच ब्रेक होतं. बोटीला दुसरा ब्रेक नाही. गियर काढला तरी ती सरकत राहते. उलटा गियर टाकला की मागची बाजू एका अंगाला खेचली जाते. कुठल्या अंगाला, ते पंख्याच्या फिरण्यावर. ते पाठ करून होत नाही, हाताला कळावं लागतं.

पहिल्या वेळी बोट धक्क्यापासून हातभर लांब राहते. दुसऱ्या वेळी टायरवर आपटते. मामा टायरकडे बघतो आणि खाली बसूनच राहतो. तिसऱ्या वेळी पोरगा घाबरून गियर फार लवकर काढतो, प्रवाह बोट मागे नेतो. चौथ्या वेळी बोट येते, थांबते, आणि पोरगा हात लांबवून खांबाला दोर टाकतो. चेहऱ्यावर काही दाखवत नाही. मामा दोर सोडतो. "परत."

गोल फिरताना एक गोष्ट त्याला अजून जड जाते. स्कूटरचं हँडल वळवलं की पुढचं चाक वळतं. बोटीचं चाक वळवलं की मागची बाजू सरकते. पुढे जागा आहे म्हणून वळलं तर मागचा भाग खांबावर जातो. पुढून समोरासमोर कुणी आलं तर पोरग्याचा हात आपोआप डावीकडे जातो, कारण रस्त्यावर आपण डावीकडे सरकतो. पाण्यावर उलटं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे समोरासमोर आलेल्या दोन्ही यांत्रिक बोटींनी उजवीकडे वळायचं. वाट ओलांडताना आपल्या उजव्या हाताला जो असेल त्याला वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने स्वतः लांबून जायचं. मामा समोरून दुसरी बोट आल्याचं नुसतं तोंडाने सांगतो, "इलो, इलो!" आणि पोरग्याच्या हाताकडे बघत राहतो. हात क्षणभर डावीकडे जातो, मग उजवीकडे. तो क्षण जाईपर्यंत मामा त्याला परीक्षेला पाठवणार नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोटीचं प्रशिक्षण असतं. पोरग्याला तिथे जायचंय. मामाने अजून होकार दिलेला नाही.

सकाळी ७.५५
खाडी इथे रुंद आहे. पाणी काचेसारखं. मतलई वारा पडत आलाय, समुद्रावरचा वारा सुरू व्हायला दोन-तीन तास आहेत. वेगाची शिकवणी याच फटीत बसते.

"मागे बघ. उजवीकडे. डावीकडे. लांब."

पूर्वेकडे बघताना पोरगा डोळ्यांवर हात धरतो. सूर्य पाण्यावर पसरलाय. त्या झळाळीत एक होडी आहे, पाग टाकणारे दोघं उभे. आधी त्याला दिसत नाहीत. मामाला दिसलेत, पण तो सांगत नाही. पोरग्याला दिसेपर्यंत थांबतो. मिनिट जातं. "दोघे आसत," पोरगा म्हणतो. मग बोट त्यांच्यापासून चांगली लांब जाईपर्यंत सावकाशच चालते. आपल्या लाटेने उभ्या माणसाचा तोल गेला तर दोष आपला.

आता दांडा पुढे. एकदम नाही. नाळ वर चढते, इतकी की समोरचं पाणी दिसेनासं होतं. वेगाच्या बोटीचा सगळ्यात आंधळा क्षण हाच. तो लवकर संपवायचा. त्यासाठी आधीच इंजिन पूर्ण आत, बोटीच्या जवळ घेतलेलं असतं. दोन-तीन सेकंद आणि नाळ खाली येते. बोट पाणी कापायचं सोडून पाण्याच्या वर चढून धावू लागते. आवाज बदलतो. खालून पाणी पत्र्यावर खडी टाकल्यासारखं वाजतं.

पोरग्याचा अंगठा दांड्यावरच्या छोट्या बटणावर आहे. याला ट्रिम म्हणतात. बटण वर दाबलं की इंजिन जरा बाहेर सरकतं, नाळ उचलली जाते, पाण्याला लागणारा भाग कमी होतो, वेग वाढतो, चाक हलकं होतं. पोरगा बटण दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. ताशी पन्नास. पंचावन्न. नाळ वर-खाली डुलायला लागते, आधी थोडी, मग जास्त.

"तोंड वर गेला. आता काय करशीत?"

पोरगा थ्रॉटल कमी करायला जातो. मामाचा हात त्याच्या हातावर. दाबत नाही, नुसता ठेवतो. पोरग्याला आठवतं. अंगठा खाली. इंजिन जरा आत येतं आणि दोन सेकंदांत डुलणं थांबतं.

हे मी मामाच्या मागच्या बाकावर बसून बघत होतो, आणि त्या हात ठेवण्यात मला या माणसाचं सगळं शिकवणं दिसलं. एवढ्या वेगात घाबरून थ्रॉटल झटकन सोडला की नाळ पाण्यात घुसते. ती जिथे घुसेल तिथे बोट एकदम वळते, आणि आतली माणसं सरळ पुढे जातात. मागून आपलीच लाट येऊन मागच्या बाजूवर चढते ती वेगळीच. भीती वाटली की हात जे करायला धावतो तेच इथे घातक असतं. ते हाताला उलटं शिकवायचं, आणि तेही न ओरडता, कारण ओरडलं की हात आणखी झटकतो.

ताशी पंचावन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. पाण्यात काहीतरी काळं दिसलं, ते ओंडका आहे का सावली हे ठरवायला दीड सेकंद गेला, की बोटीच्या लांबीच्या जवळजवळ चौपट प्रवास झालेला असतो. म्हणून डोळे नाळेजवळ ठेवायचे नाहीत. "डोळे लांब टाक," मामा म्हणतो. हे वाक्य दिवसभरात पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

सकाळी ८.१५
वळण. आधी वेग कमी, मग इंजिन आत, मग चाक. हाच क्रम. इंजिन बाहेर ठेवून वळलं तर पंख्याला हवा लागते, तो नुसता फिरतो, पकड सुटते आणि मागची बाजू घसरते. पोरगा क्रम मोठ्याने म्हणतो. बोट कलते, बरोबर वळते. बसलेल्यांना आधी सांगायचं, "धरून बसा." तो सांगायला विसरतो. मामा बोट थांबवायला लावतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मग एक रिकामा कॅन न सांगता उजव्या बाजूने पाण्यात. "माणूस पडलो!" पडला त्याच बाजूला चाक फिरवायचं, म्हणजे मागचा भाग, पंखा, त्याच्यापासून लांब जातो. पोरगा बरोबर फिरवतो. लांबून वळसा घेऊन येतो, प्रवाहाच्या तोंडावर, सावकाश. कॅन दोन हातांवर आल्यावर गियर काढतो आणि हात लांब करतो.

"इंजिन?"

पोरगा इंजिन बंद करतो. नुसता गियर काढून चालत नाही. बोट हलली, कुणाचा धक्का दांड्याला लागला, की पंखा फिरलाच. पाण्यात माणूस आहे तोवर इंजिन बंद.

काटा बघून मामा हिशेब करतो. दहा लिटर झाले. "आज इतक्याच पुरे." वेगात गेलेली एकूण मिनिटं बारा-तेरा असतील.

सकाळी ८.४०
धक्क्यावर चहा आणि घावणे. चहाचे दहा-दहा रुपये मामा देतो.

बोलणं मुंबईच्या अपघातावर जातं. १८ डिसेंबर २०२४ ला गेट वेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती, बोटीवरचा ताबा सुटला. १५ जण गेले. मोबाइलवर ते चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मामाने ते पोरग्याला दाखवलं, थांबवून थांबवून दाखवलं. त्याचा प्रश्न एकच असतो: चाचणी, सराव, मजा काहीही असो, ती माणसांपासून किती लांब करायची? म्हणून त्याची शिकवणी खाडीच्या वरच्या अंगाला असते, पर्यटकांच्या जागेपासून लांब, आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत संपते.

"माका वाटला लांब आसत," पोरगा सकाळच्या पागवाल्यांबद्दल म्हणतो.

"वाटान काय उपेग? बघलंस काय तां सांग."

सकाळी ९.३० ते दुपारी १
आता पोरगा पुन्हा मदतनीस. जॅकेटं देणं, पट्टे आवळणं, लहान मुलांचे पट्टे मांडीतून घेणं, चपला गोणीत भरणं. पुण्याहून आलेला एक गट फोटोसाठी जॅकेट काढायला बघतो. "दादा, फोटो जॅकेट घालूनच काढूया," पोरगा हसत म्हणतो आणि बकल परत लावतो. कोल्हापूरच्या आजींना तो हात धरून चढवतो. वीस किलोच्या नांगराचं वरखाली करणं चालूच असतं. तळहाताला नायलॉनच्या दोराचे चट्टे आहेत.

भरती साडेदहाला पूर्ण होते. आज चतुर्दशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चौदा पाऊणे साडेदहा. इथल्या जुन्या माणसांना पाऊणकीचा पाढा यासाठीच येतो. खाडीच्या मुखाजवळचं त्सुनामी आयलंड पाण्याखाली जातं आणि पर्यटक गुडघाभर पाण्यात उभे राहतात. २००४ च्या त्सुनामीनंतर हा वाळूचा ढीग वर आला, असं लोक सांगतात. चहूबाजूंनी बोटी, मधे माणसं. इथे मामा नुसत्या गियरवर चालवतो आणि पोरग्याला नाळेवर उभं करतो. काम एकच. पाण्यात डोकं दिसलं की हात वर.

दुपारी २.००
भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. मामाच्या घरचा डबा. वीस मिनिटं पाठ टेकणं. पश्चिमेचा खारा वारा आता चांगलाच धरलाय. माडांचे शेंडे सगळे पूर्वेला.

दुपारी ३.१५
भोगव्याच्या अंगाला एका गटाला सोडून रिकामं परत यायचंय. मामा म्हणतो, चल, मुख बघूया. चालवणार मामा, पोरगा शेजारी उभा, लाल दोरी मामाच्या जॅकेटला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं पाणी म्हणजे उधाणाच्या जवळचं. सकाळपासून खाडीत भरलेलं सगळं आता सुकतीबरोबर एका अरुंद तोंडातून बाहेर पडतंय. समोरून वारा आणि समुद्राच्या लाटा आत येतायत. दोन्ही जिथे भेटतात तिथे लाट पुढे सरकत नाही. जागच्या जागी उभी राहते, उंच, जवळजवळ, आणि मोडते. लांबून बघणाऱ्याला नुसता पांढरा पट्टा दिसतो.

मामा बोट लांब उभी ठेवतो आणि पोरग्याला वाचायला लावतो. कुठे मोडतंय? तिथे वाळू वर आहे. कुठे मोडत नाही, पण पाणी गुळगुळीत फुगतंय? तिथे खोल आहे, पण ओढही तिथेच. आत येताना मागून लाट घेऊन यायचं असेल तर? पोरगा विचार करून सांगतो. नाळ वर ठेवायची, म्हणजे इंजिन जरा बाहेर. लाटेच्या पाठीवर राहायचं, तिला ओलांडून पुढे उतरायचं नाही. उतरलं तर नाळ पुढच्या खड्ड्यात घुसते. आणि समोरून लाट घ्यायची असेल तर नाळ खाली, वेग कमी. बोट हवेत उडाली तर पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन किंचाळतं, आणि पडताना बसणारा दणका पाठीच्या कण्यात जातो.

उत्तरं बरोबर आहेत. मामा तरीही चाक देत नाही. आज नाही, या महिन्यातही नाही. मला ते पटलं. पोरग्याला सगळं तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ असलेल्या माणसाला ही जागा सोपी वाटायला लागते. मामा स्वतः वीस मिनिटं थांबतो, लाटांचे गट मोजतो, दोन मोठ्या गटांमधल्या शांत वेळेत आत घेतो. पूर्ण वेग कुठेच लावत नाही.

संध्याकाळी ५.००
सुकती संपत आलीय. वाळूचे पट्टे उघडे पडलेत. बायका कमरेइतक्या पाण्यात वाकून मुळे, म्हणजे शिंपले, काढतायत, पाठीमागे टोपल्या तरंगतायत. शेवटची फेरी त्यांच्यासमोरून जाते. आता बोट रिकामी, पाणी सरळ, म्हणून मामा चाक पोरग्याकडे देतो. पोरगा न सांगता दांडा मागे घेतो. सावकाश, सावकाश, मग गियरवर. त्यातली एक बाई मान वर करते, ओळखते. "काय रे झिला, चलवक लागलंस?" पोरगा मान हलवतो. डोळे लांब.

संध्याकाळी ५.४५
धुणं. इंजिनाच्या पायाला दोन रबरी वाट्या लावून विहिरीच्या गोड्या पाण्याची नळी. दहा मिनिटं चालवायचं, आतलं मीठ निघून जायला हवं. मीठ राहिलं तर पाण्याच्या वाटा बुजतात. पोरगा पिचकारीला हात लावून बघतो, कोमट आहे, ठीक. जॅकेटं गोड्या पाण्यात बुचकळून दोरीवर. एका जॅकेटचं बकल तुटलंय. ते तो बाजूला काढतो आणि त्यावर लाल चिंधी बांधतो, म्हणजे उद्या घाईत कुणी घालणार नाही. नवं बकल मालवणात मिळालं तर ठीक, नाहीतर जॅकेटच गेलं.

संध्याकाळी ६.४०
वही. पेट्रोल साठ लिटर, ६,३००. पिन, ग्रीस. मामाचे १,२००. पोरग्याचे ६००, त्यातून शिकवणीचे ५२५ महिनाअखेरीला वजा. त्या आकड्यावर पोरगा दोन क्षण जास्त थांबतो. आज पर्यटकांनी दिलेले १५० मामा त्याच्या हातावर ठेवतो, ते वहीत नाहीत.

मग इंजिनाचे तास. मग एका ओळीत शिकवणी: धक्का बरा, वळण बरं, 'धरून बसा' विसरला, समोरासमोर हात डावीकडे.

उद्या पौर्णिमा. भरती सव्वाअकराला. म्हणजे बोट आठपर्यंत तरंगणार नाही, आणि साडेआठला पहिलं गिऱ्हाईक ठरलंय. वेगाला वेळ नाही. मामा दहा लिटर खोडून दोन लिहितो.

"मगे काय करूचा?" पोरगा विचारतो.

"धक्क्याक लावूचा. नुसता धक्क्याक."